विडी न ओढताही लागणारा दम

मालवणच्या किनारपट्टीवर गॅस आला तरी पुष्कळ घरांत न्हाणीचं पाणी नारळाच्या सोडणं-चुडतांवरच तापतं. ती फुकट मिळतात, आणि पावसाळ्यात ओली असली की धूर दुप्पट. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या आजीला चढणीवर दम लागला, की घरचे वयाला दोष देतात. दोष बऱ्याचदा चुलीचा असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारावर, लिहिलं, त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण म्हणून मांडलं होतं.

या आजाराचं निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे यंत्रात फुंकायच्या चाचणीने होतं. श्वासनलिका रुंदावणारं औषध देऊनही, जोरात फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर पडली, तर नळ्या अरुंद झाल्या आहेत. हे नुकसान पूर्ण भरून येत नाही. पण इनहेलरने दम आटोक्यात राहतो.

इनहेलरची ‘सवय लागते’ ही समजूत निव्वळ खुळी. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून मात्रा कमी लागते. फवाऱ्याच्या इनहेलरला स्पेसर ही नळी जोडावी, औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरावी. दम लागल्यावर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा. रोजचं चालणं मात्र थांबवू नये. बसून राहिलं की पायांची ताकद जाते आणि दम आणखी लवकर लागतो. तंबाखूचा धूर बंदच. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारावं. बेडका वाढला, हिरवट झाला किंवा दम एकाएकी वाढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओठ निळे पडले तर थेट रुग्णालय.