पेशींची पार्सले आणि मुलींचे आरोग्य

भुसावळच्या रेल्वे यार्डाच्या सान्निध्यात वाढलेल्या व्यापाऱ्यास पार्सलाचे महत्त्व सांगावे लागत नाही. माल कोणी पाठविला, आत काय आहे, यावर पेढीचा व्यवहार चालतो. शरीरातील पेशीही परस्परांना अशीच पार्सले पाठवितात. सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या या पुटिकांना एक्झोसोम म्हणतात. १९८३ साली अपरिपक्व तांबड्या रक्तपेशींच्या अभ्यासात त्या लक्षात आल्या, तेव्हा पेशीने बाहेर टाकलेला कचरा एवढेच त्यांचे मोल समजले गेले. पुढे त्यांत प्रथिने व सूक्ष्म आरएनए सापडले आणि तो कचरा नसून निरोप असल्याचे उमगले.

पीसीओएस या विकारात पाळी लांबते, चेहऱ्यावर लव वाढते, शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या गाठी नव्हेत. ती वाढ खुंटलेली बीजपुटके होत. त्यांच्या द्रवातील एक्झोसोममध्ये निरोगी स्त्रीच्या तुलनेत निराळे आरएनए आढळतात. हे निरोप विकाराचे कारण की परिणाम, याचा निर्णय अजून झालेला नाही. मूळपेशींपासून काढलेल्या एक्झोसोमने प्रयोगशाळेतील उंदरिणींमध्ये सुधारणा दिसली आहे. अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकांस ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

उंदरीण आणि घरातली लेक यांत मात्र मोठे अंतर आहे. या विकारावर एक्झोसोमचा मान्यताप्राप्त उपचार आज भारतात नाही, अमेरिकेतही नाही. उलट अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये अशा उत्पादनांविषयी सार्वजनिक इशारा दिला होता. तरीही सौंदर्योपचारांच्या जाहिरातींतून हा शब्द घरोघर पोहोचला आहे. मालाची पावती तपासल्यावाचून पैसे न मोजणारी घरे मुलीच्या लग्नाची घाई झाली की लाखांची इंजेक्शने विनातक्रार स्वीकारण्यास तयार होतात, हे नवलच.

खरी अडचण लपविण्यात आहे. बायोडाटावर डाग नको म्हणून तपासणीच टळते. मुंबईतील १५ ते २४ वयोगटाच्या मुलींच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींत हा विकार आढळला. त्यांतील बहुसंख्य लठ्ठ नव्हत्या. म्हणजे ‘आमची मुलगी तर सडपातळ आहे’ हे समाधान खोटे.

उपचार साधे आहेत, वेळखाऊ आहेत. वजन अधिक असल्यास पाच टक्के घटले तरी पाळीत फरक पडू शकतो. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन, अपत्यासाठी लेट्रोझोल ही औषधे डॉक्टर पारखून देतात. चौविहारामुळे रात्रीचे खाणे टळते हे उत्तम. पण दिवसभर गल्ल्यावर बसून फरसाणाचा डबा रिकामा करणे त्याने भरून निघत नाही. औषधे चालू असताना अठ्ठाई करावयाची असल्यास पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय चालते. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी दादरला उतरून तेथे पोहोचता येते.