वर्गात सिनेमाचा तुकडा

भंडारा जिल्ह्यात एकाच वर्गात झाडीबोली, पोवारी, गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुले भेटतात. संस्कृतीभेदाचा धडा इथे दूरदेशी शोधावा लागत नाही. सुरुवातीला सिनेमातला दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरतो.

‘इंग्लिश विंग्लिश’मधला (२०१२, दिग्दर्शन गौरी शिंदे) न्यूयॉर्कच्या कॅफेतला प्रसंग घ्या. शशी गोडबोले खायला-प्यायला मागते; काउंटरवरची बाई पाणी कुठले, कॉफी कुठली, असे प्रश्नांवर प्रश्न टाकते. शशी गांगरून बाहेर पळते. आधी आवाज बंद ठेवून दाखवा आणि ‘काय दिसले?’ एवढेच विचारा. मग आवाजासह. त्या बाईचा उद्धटपणा कुठला आणि तिथली रीत कुठली, हे मुलांनाच वेगळे करू द्या. खरा धडा तिथेच आहे.

जातिभेदावरच्या ‘फँड्री’तला (२०१३) राष्ट्रगीताचा प्रसंग याहून बोलका, पण जपून वापरावा. वर्गातल्या कुठल्याही मुलाला त्याच्या जातीचा नमुना म्हणून बोलते करू नये.

प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात, फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि उपक्रमाशी संबंधित व्यक्तींसमोर चित्रपट दाखवल्यास प्रताधिकाराचा भंग होत नाही.