बिऱ्हाड हलवताना: पैसे, पाठ आणि सासूबाईंचा देव्हारा

क्राइस्टचर्चहून लोअर हटला येऊन आम्हाला आता काही महिने झाले. आल्यापासून मंडळातल्या तीन-चार घरांतून फोन आले आणि प्रश्न एकच, "वहिनी, सामान कसे आणलेत? किती पडले?" कोणी ऑकलंडला निघाले आहे, कोणी डनेडिनला. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावे म्हटले.

सुरुवात आमच्या जुन्या चुकीपासून करते. २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चच्या पुनर्बांधणीत इंजिनियरांना कामे निघाली, तेव्हा २०१३ मध्ये आम्ही ऑकलंडहून तिकडे गेलो. तीन कंपन्यांचे भाव मागवले आणि सर्वांत स्वस्त निवडली. सामान उचलायला माणसे दारात उभी, धाकटा कडेवर रडतो आहे, अशा वेळी ह्यांनी समोर आलेल्या फॉर्मवर सही ठोकली. तिकडे पोहोचल्यावर सासूबाईंचा सागवानी देव्हारा निघाला तो दोन तुकड्यांत. कोल्हापूरच्या सुताराकडून सासऱ्यांनी तो करून घेतला होता. कंपनीला फोन केला तर शांतपणे उत्तर मिळाले, "तुम्ही ओनर्स रिस्कवर सही केली आहे." म्हणजे माल मालकाच्या जोखमीवर. मुद्दाम तोडफोड केली असे सिद्ध झाले तरच कंपनी देणे लागते, एरवी नाही. सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत, तेच आम्हाला जास्त लागले.

म्हणून या खेपेला भाव विचारण्याआधी प्रत्येकाला आम्ही एकच विचारले, जोखीम कोणाची? या देशात मालवाहतुकीचे नियम २०१७ च्या कॉन्ट्रॅक्ट अँड कमर्शियल लॉ ॲक्टमध्ये आहेत. वेगळे काही ठरले नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी दर नगामागे २,००० डॉलरपर्यंत असते. नग म्हणजे एक खोके की खोक्यातली एकेक वस्तू, हेही आधी विचारून घ्यावे. जास्त किमतीची वस्तू असेल तर किंमत जाहीर करून करार करता येतो, पैसे अर्थातच जास्त पडतात. ओनर्स रिस्कला तुमची लेखी सही लागते. तेव्हा सही आदल्या दिवशी, चहा पिता पिता, कागद वाचून करावी. दारात माणसे उभी असताना करू नये. नुकसान दिसले तर फोटो काढून लगेच लेखी कळवावे. त्याला मुदत असते, "बघू पुढच्या आठवड्यात" असे म्हणू नये.

आता पर्याय. सगळे कंपनीवर सोपवणे सर्वांत महाग. स्वतः ट्रक भाड्याने घेऊन चालवणे सर्वांत स्वस्त, निदान कागदावर तरी. आमच्या वहीत ट्रकचा आकडा कंपनीच्या निम्म्याहूनही कमी येत होता, आणि ह्यांचा जीव त्यातच अडकला होता. साध्या मोटारीच्या पूर्ण परवान्यावर एकूण ६,००० किलोपर्यंतचे वाहन चालवता येते, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. पण हिशेब पुढे वाढत गेला. फेरीचे भाडे वाहनाच्या लांबीवर ठरते. ट्रक दुसऱ्या गावी सोडण्याचे पैसे वेगळे, आणि तो समुद्रापलीकडे न्यायला परवानगी आहे का हेही विचारावे लागते. क्राइस्टचर्च ते पिक्टन सुमारे ३४० किलोमीटर, कैकौराचा वळणावळणाचा किनारा, आणि मोठ्या ट्रकला वेगाची मर्यादा ताशी ९० किलोमीटर.

खरी अडचण होती ह्यांची पाठ. फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र कोण उचलणार? "मित्र येतील की!" हे म्हणाले. मित्रही आता पन्नाशीचे. मी एसीसीचे नियम काढून समोर ठेवले. घरचे सामान उचलताना अपघाताने पाठ लचकली तर उपचाराला मदत मिळते आणि पगाराच्या ८० टक्के भरपाईही मिळू शकते, पण कामाबाहेरच्या दुखापतीत पहिल्या आठवड्याचे काही मिळत नाही. शिवाय मणक्याची झीज मुख्यतः वयामुळे आहे असे ठरले तर एसीसी ते मान्य करत नाही. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात रजा मागायची? ट्रक बाजूला पडला.

आम्ही मधला मार्ग घेतला: कंटेनर. तो दारात ठेवून जातात, सामान आपण भरायचे, वाहतूक त्यांची. जड वस्तू चढवायला दोन माणसे तासावर लावली, आणि तो खर्च मला अजिबात खुपला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘अराटेरे’ बोट निवृत्त झाल्यापासून मालगाडीचे डबे थेट बोटीत शिरत नाहीत. रेल्वेने आलेला माल रस्त्याच्या वाहनांवर चढवून सामुद्रधुनी ओलांडतो, म्हणजे उचल-ठेव एकदा जास्त. त्यामुळे काचेच्या बरण्या आम्ही गोधड्यांत गुंडाळल्या आणि स्टीलचे डबे कपड्यांनी ठासून भरले. तूप, तेल, लोणचे यांतले काही कंटेनरमध्ये ठेवले नाही. एक बरणी फुटली की सगळ्या साड्यांना कैरीचा वास!

विम्याचे सांगायचे राहिले. घरातल्या सामानाचा विमा प्रवासात चालेलच असे नाही. वेगळा प्रवास-विमा काढला तरी आपण स्वतः भरलेल्या खोक्यातली फुटतूट अनेक पॉलिसींत वगळलेली असते. हे फोनवर न विचारता ईमेलने विचारा, उत्तर लेखी राहते.

बदलीचा खर्च मालक देत असेल तर आणखी एक गोष्ट. आयआरडीच्या ठरावीक यादीतला खर्च मालकाने भरून दिला तर त्यावर कर लागत नाही; सामानाची वाहतूक त्यात येते. स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाची वजावट मात्र नोकरदाराला मिळत नाही. ह्यांनी नोकरी स्वीकारताना हे पत्रातच मागून घेतले. मागितले नसते तर कोणी आपणहून दिले नसते.

जुना सोफा आणि दोन पलंग आम्ही तिकडेच विकले. समुद्र ओलांडण्याइतकी त्यांची किंमत नव्हती. देव्हारा सुताराकडून केव्हाच सांधून घेतला होता, तो या वेळी मोटारीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून आला. बोट सुटली की मोटारींच्या मजल्यावर बसता येत नाही, वर जावे लागते. सासूबाईंनी देव्हारा खाली ठेवू दिला, पण देव काढून आपल्या पिशवीत घेतले आणि वेलिंग्टन येईपर्यंत साडेतीन तास पिशवी मांडीवरून हलवली नाही.