न धावलेल्या रनरची नोंद : कॅचर इव्हान रॉड्रिगेझचे आकडे

बेसबॉलच्या संघात कॅचर हा फलंदाजाच्या मागे मुखवटा आणि छातीचे कवच घालून उकिडवा बसतो. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाशी त्याचे साम्य असले, तरी चेंडू फेकणाऱ्या पिचरला पुढचा चेंडू कोणता टाकावा हे खुणेने सुचवणे आणि पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसकडे पळणाऱ्या, म्हणजेच बेस चोरणाऱ्या, रनरला फेकीच्या बळावर बाद करवणे ही जास्तीची कामेही त्याच्याकडे असतात. सामन्यातील जवळजवळ प्रत्येक चेंडूशी त्याचा संबंध येतो, आणि तरीही त्याच्या क्षेत्ररक्षणाचे मोजमाप इतर कोणाहीपेक्षा अवघड आहे. पुएर्तो रिकोमध्ये जन्मलेल्या आणि १९९१ ते २०११ या काळात अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळलेल्या इव्हान रॉड्रिगेझच्या आकड्यांवरून ही अडचण नेमकी कोठे आहे ते कळते.

उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा गोल्ड ग्लव्ह हा पुरस्कार रॉड्रिगेझला १३ वेळा मिळाला. कॅचर जॉनी बेंचला तो १० वेळा आणि कॅचर यादिएर मोलिनाला ९ वेळा मिळाला. कॅचर म्हणून रॉड्रिगेझने खेळलेले २,४२७ सामने हाही विक्रमच आहे. मात्र पुरस्कार हे मतावर ठरतात आणि सामन्यांची संख्या टिकाव सांगते, त्यामुळे कौशल्याचा शोध अन्यत्रच घ्यावा लागतो.

सर्वांत जुने माप म्हणजे क्षेत्ररक्षणाची सरासरी : खेळाडूच्या वाट्याला आलेल्या एकूण संधींपैकी किती संधी त्याने चूक न करता साधल्या, याचे प्रमाण. रॉड्रिगेझची ही सरासरी ०.९९१, तर त्याचा समकालीन कॅचर माइक पियाझा याची ०.९८९ आहे. एवढ्यावरून दोघे जवळजवळ बरोबरीचे ठरतात, आणि ते उघडपणे चुकीचे आहे. पिचरने फलंदाजाला तीन स्ट्राइकवर, म्हणजे त्याने वाया घालवलेल्या तीन चेंडूंवर, बाद केले, की तो बळी क्षेत्ररक्षणाच्या हिशेबात कॅचरच्या नावे जमा होतो, आणि या आयत्या संधींच्या ढिगाऱ्यात खऱ्या चुका दिसेनाशा होतात. अशा बळींचा विक्रम आज मोलिनाच्या नावावर आहे. रॉड्रिगेझपेक्षा दोनशेहून अधिक सामने कमी खेळूनही त्याने १५ हजारांचा टप्पा ओलांडला, याचे एक मोठे कारण म्हणजे त्याच्या काळात पिचर अधिक फलंदाजांना स्ट्राइकवर बाद करू लागले होते.

त्याहून पुष्कळ बोलका आकडा चोरीचा आहे. फलंदाजाजवळच्या होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर सुमारे ३९ मीटर असते. चेंडू हातात आल्यापासून तो तेथे पोहोचेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपासच वेळ मिळतो. रॉड्रिगेझसमोर चोरीचे प्रयत्न करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के बाद झाले, तर पियाझासमोर सुमारे २३ टक्केच. जुन्या काळातील कॅचर रॉय कॅम्पानेलाचे प्रमाण ५७ टक्के, म्हणजे रॉड्रिगेझहूनही वरचे होते. पण १९५०च्या दशकात चोरीचे प्रयत्नच मुळात कमी होत, म्हणून प्रत्येक कॅचरला त्याच्याच काळाशी ताडून पाहणे न्याय्य ठरते. पिचरचा वाटाही विसरून चालणार नाही, कारण त्याने चेंडू टाकायला वेळ लावला, तर उत्तम फेकही उशिराच पोहोचते.

या टक्केवारीतही एक गोष्ट येत नाही, आणि खरे मोठेपण तिच्यातच आहे : जो रनर धावलाच नाही, त्याची नोंद कोठेही होत नाही. रॉड्रिगेझच्या २,४२७ सामन्यांत चोरीचे सुमारे १,४५० प्रयत्न झाले. पियाझाच्या सुमारे १,६३० सामन्यांत मात्र १,८०० हून अधिक. मेजर लीगच्या दोन भागांपैकी पियाझा ज्यात बहुतेक काळ खेळला, त्या नॅशनल लीगमध्ये पळापळ काहीशी जास्त असे, हे गृहीत धरले तरी ही तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. ज्याच्या हाताचा धाक सर्वांत मोठा, त्याच्यासमोर बेधडक आणि वेगवान रनरच धावण्याची शक्यता अधिक. तरीही रॉड्रिगेझने निम्म्याच्या जवळपास बाद करवले, हे विलक्षण आहे.

पियाझाच्या बाजूनेही एक मुद्दा आहेच. स्ट्राइकच्या क्षेत्राच्या कडेवरचा चेंडू ग्लव्हमध्ये अशा रीतीने स्थिर धरायचा, की पंचाने त्याला स्ट्राइक द्यावा, या कौशल्याला फ्रेमिंग म्हणतात. जुन्या नोंदींवरून नंतर काढलेल्या अंदाजांत पियाझा या कलेत चांगला ठरला. कॅमेऱ्यांनी प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपण्याची व्यवस्था सर्व मैदानांवर आली, ती २००८च्या सुमारास. तोवर रॉड्रिगेझची कारकीर्द उताराला लागली होती, त्यामुळे ऐन उमेदीतल्या त्याच्या फ्रेमिंगचे थेट मोजमाप उपलब्ध नाही.