लॅपटॉप गातोय की माझे कान वाजतायत?

रात्रीचे दोन वाजलेले. सकाळी सबमिशन. रूमवर सगळ्या गाढ झोपलेल्या आणि माझ्या टेबलावर एक बारीक ‘चींऽऽ’ सुरू. आधी वाटलं डास, मग वाटलं फॅन. रूममेट म्हणाली, ‘‘काही नाही गं, तुझे कान वाजतायत. झोप.’’ एका रिपेअरवाल्याने तर आवाज न ऐकताच मदरबोर्ड बदलायला सांगितला. तेवढ्यात माझी दोन महिन्यांची मेस भागली असती!

शेवटी लॅपटॉप-चार्जर घेऊन बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. तिथल्या एका छोट्या दुकानातल्या काकांनी चार्जर लावून कानाजवळ नेला आणि मान हलवली. ‘‘मला नाही येत ऐकू. पण माझ्या कानांवर जाऊ नकोस.’’ त्यांनी हाताखालच्या पोराला हाक मारली. त्याने दोन सेकंदांत सांगितलं, ‘‘येतोय की काका!’’

आपले कान साधारण 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात. पण वय वाढतं तसे वरचे सूर आधी जातात. लहानपणी घरातला डबा टीव्ही आवाज बंद करून लावला, तरी आतल्या खोलीत आपल्याला कळायचं, आठवतंय? ती शिट्टी होती 15,625 हर्ट्झची. आजोबांना ती ऐकूच यायची नाही.

पण बोर्डवर हलणारं काहीच नसताना आवाज येतो कुठून? पहिला संशयित कॉइल. प्रवाह सारखा बदलला, की चुंबकीय बलाने तिची तार आणि गाभा थरथरतात. दुसरा सिरॅमिक कपॅसिटर. व्होल्टेज बदललं की तो किंचित आकसतो-फुगतो आणि सगळा बोर्ड ढोलकीच्या पुडीसारखा वाजतो. हीच पिझोइलेक्ट्रिसिटी, पिएर आणि जॅक या क्युरी बंधूंनी 1880 मध्ये शोधलेली.

मग चोर पकडायचा कसा? चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर चार्जर. स्क्रोल करताना सूर बदलला तर लॅपटॉपचा बोर्ड. कागदाची नळी कानाला लावून जागा शोधा. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये तो सूर रेघेसारखा दिसतोही. उघड्या बोर्डवर कारागीर प्लॅस्टिकच्या काडीने एकेक पार्ट हलकेच दाबतात; आवाज बदलला की तोच गवई! हे घरी करू नका. चार्जर तर उघडूच नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टपर्यंत चार्ज उरू शकतो.

माझा चोर चार्जरच निघाला, तोही बॅटरी फुल असतानाच गाणारा. काम कमी असलं की वीज वाचवायला तो थांबून थांबून चालतो आणि ते झटके आपल्या कानांच्या टप्प्यात येतात. म्हणजे बिघाड नाही. मात्र जळका वास, चटका बसेल इतकी उष्णता किंवा चरचर असेल, तर लगेच बंद करा.

काकांनी पैसे घेतले नाहीत. रूमवर आले आणि रूममेटच्या कानाला कागदाची नळी लावली.

‘‘अगं हो, येतोय!’’