उन्हाळ्यापूर्वीची परसबाग

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर खांडबारा हे गाव वसले आहे. पावसाळ्यात या परिसरातील आदिवासी पाड्यांवर भाजीची वानवा नसते. घराजवळच्या मांडवावर दोडका, काकडी, वाल यांचे वेल चढतात; रानभाज्याही मिळतात. होळी सरली की मात्र हे चित्र पालटते. पाणी आटते, परसू ओस पडते आणि भाजी विकत घ्यावी लागते. अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे त्या सुमारास मजुरीसाठी गुजरातेत असतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. ही बाब ध्यानी घेता परसबागेची खरी गरज उन्हाळ्यातच असते, हे स्पष्ट होते.

पूर्वतयारी माघात

फाल्गुन-चैत्रात भाजी हवी, तर जमिनीची मशागत माघातच व्हावयास हवी. जुने वेल व तण काढून माती वीतभर खोल खणावी, काही दिवस उन्हात तापू द्यावी व तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. भेंडी, गवार व चवळी वाफ्यांत, तर दुधी, दोडका व कारली आळ्यांत लावावीत. भेंडीचे बी रात्रभर भिजविल्यास उगवण चांगली होते. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात पेरलेली भेंडी मार्चअखेर तोडणीस येते. राजगिरा, पालक यांसारख्या पालेभाज्या महिन्याभरात तयार होतात. म्हणून त्या एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेराव्यात. बांधाला शेवग्याची एक-दोन झाडे असावीत. त्याचा पाला लोह व जीवनसत्त्व 'अ' यांनी समृद्ध असतो.

थेंब वाया न जावा

उन्हाळी परसबागेचे यश पाण्याच्या काटकसरीवर अवलंबून असते. भाज्या व धान्य धुतलेले पाणी वाफ्यांना द्यावे. न्हाणीचे पाणी पालेभाज्यांऐवजी केळी किंवा पपईकडे वळवावे. वेलाच्या आळ्यात मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवल्यास ओल हळूहळू मुळांशी झिरपते. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्याने बाष्पीभवन घटते. किडीसाठी निंबोळीचा पाच टक्के अर्क, म्हणजे एक लिटर पाण्यास 50 ग्रॅम निंबोळी चूर्ण, पुरेसा ठरतो.

शाळा व ग्रामसभा

शिक्षकांनी शाळेच्या आवारात असा एखादा वाफा केल्यास तो मुलांबरोबर घरोघरी पोहोचेल. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळू लागला. त्याच्या नियोजनाची चर्चा होईल तेव्हा पाड्यांच्या उन्हाळी पाण्याचा प्रश्न सदस्यांनी ग्रामसभेपुढे आवर्जून मांडावा. महिला बचत गटांनी मोसमाअखेर गावठी बियाणे राखेत जतन केल्यास पुढील वर्षी बियाण्यासाठी पैसा मोडावा लागणार नाही. परसबागेला मोठे भांडवल लागत नाही. लागते ती वेळेवर केलेली तयारी. ती माघात झाली, तर भर वैशाखातही बालकांच्या ताटात हिरवी भाजी दिसेल.