अपलिंक संदर्भ संकेत : गणित की शोध?

बंगळुरू : मोबाइल माहितीसोबत मनोऱ्याकडे आधीच ठरलेला 'संदर्भ संकेत'ही पाठवतो. तो वाटेत किती बदलला, यावरून मनोरा माहितीतील विकृती दूर करतो. कोणत्या अँटेना पोर्टवरून कोणता संकेत पाठवायचा, हेही मनोराच कळवतो.

अशा पद्धतीच्या पेटंटसाठी येथील इलेक्ट्रॉनिक सिटीतील कंपनीचा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३(के) नुसार गणितीय पद्धती व अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. संकेताची रचना मात्र गणितावरच बेतलेली असते.

तांत्रिक परिणाम सिद्ध करणारा शोध संगणक प्रणालीवर आधारित असला, तरी पेटंटयोग्य ठरतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून अर्जदाराला सूत्राऐवजी त्यातून साधलेली तांत्रिक सुधारणा परीक्षकाला पटवावी लागते. ती पटल्यास अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचे संरक्षण मिळते.